रिकाम्या बाकांसाठी प्रवेशपरीक्षा

2024 साली महाराष्ट्र सरकारनं जे केलं, ते निर्बुद्ध कारभाराचा नमुना म्हणून जपून ठेवण्यासारखं आहे. बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम या पदव्यांच्या प्रवेशासाठी राज्यानं सीईटी लावली. राज्यभरात या अभ्यासक्रमांच्या जागा 1 लाख 8 हजारांच्या घरात. 29 मे 2024 ला परीक्षा झाली, आणि तिला बसली 48 हजारांच्या आसपास मुलं. आता हिशेब पाचवीतलं पोरगंही करेल. परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला, अगदी शेवटच्या नंबरवाल्यालाही, बोलावून बोलावून प्रवेश दिला तरी साठ हजार बाकं रिकामी राहणार. मग ही परीक्षा निवडत कुणाला होती? आणि गाळत कुणाला होती?

लग्नाच्या पंगतीत पानं शंभर मांडलीत, जेवणारे पन्नास आलेत, आणि मांडवाच्या दारात एक गृहस्थ वजनकाटा घेऊन बसलाय, की वजन करून घेतल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. अशा माणसाला आपण खानदेशात काय म्हणतो ते छापता येत नाही. मुंबईत त्याला धोरणकर्ता म्हणतात.

हे घडलं कसं, ते आधी नीट बघू. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं, म्हणजे एआयसीटीईनं, बीबीए, बीसीए वगैरे पदव्या आपल्या छत्राखाली घेतल्या. तोवर हे अभ्यासक्रम विद्यापीठाचे होते आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. जळगावला 1990 साली स्थापन झालेलं आपलं विद्यापीठ, आज ज्याला बहिणाबाईंचं नाव आहे, त्याच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मुलं गुणपत्रिका घेऊन जायची, फी भरायची, वर्गात बसायची. छत्र बदललं म्हणून दार बदलायची काही गरज होती का? परिषदेची मान्यता ही महाविद्यालयाची बाब आहे. इमारत, शिक्षक, प्रयोगशाळा तपासा, जरूर तपासा. पण आपल्या राज्याला मान्यता म्हटलं की परीक्षा आठवते, आणि परीक्षा म्हटलं की अर्ज, शुल्क, पोर्टल आणि मुदतवाढ. तपासायचं होतं महाविद्यालयाला, तपासलं पोरांना. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि वेळ तरी कशी निवडली! या परीक्षेची नोंदणी सुरू होऊन बंद झाली, तेव्हा बारावीचा निकालही लागलेला नव्हता. निकाल आला 21 मे ला. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलानं तोवर सीईटी हा शब्द फक्त सायन्सच्या मित्राच्या तोंडून ऐकलेला. त्याच्या सात पिढ्यांत कुणी बीसीएसाठी परीक्षा दिलेली नाही. त्याला कोण सांगणार? तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांनाच धड माहीत नव्हतं, हे मी त्याच व्यवसायात राहून पाहिलं आहे. परीक्षा रिकामी गेली तेव्हा सरकारला जाग आली, आणि 4 ऑगस्टला अतिरिक्त सीईटी घेतली. ऑगस्टमध्ये! त्याच महाविद्यालयातल्या बीकॉमच्या मुलांचे धडे सुरू झाले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच; आणि हे घोडं पुढच्या वर्षीही त्याच वाटेनं आलं, कारण 2025 लाही पहिली परीक्षा पुरी पडली नाही आणि अतिरिक्त परीक्षा घ्यावीच लागली. एकदा चुकणं समजू शकतं. तीच चूक वेळापत्रक छापून पुन्हा करणाऱ्याला काय म्हणावं?

2024 च्या जुलैत शिंदखेड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात मी उभा होतो. ऑनलाइन फॉर्म भरून देणारी ही दुकानं म्हणजे आज तालुक्याचं खरं शिक्षण कार्यालय. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. निंदणीचे दिवस, त्यामुळे त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. मुलगी बारावी वाणिज्य, चांगल्या गुणांनी पास, तिला बीसीए करायचं. दुकानातल्या पोरानं स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "ताई, त्याची सीईटी होऊन गेली मे मध्ये. आता जादा परीक्षा आहे, फॉर्म भरावा लागंल." आईनं विचारलं, "पोर बारावी पास व्हयनी ना भाऊ, आते आखो कसानी परीक्षा?"

या प्रश्नाला मंत्रालयात कुणाकडे उत्तर आहे का? मी तरी अजून ऐकलेलं नाही. त्या पोरानं फॉर्म उघडला. फोटो अमुक इतक्या केबीचाच हवा, सही वेगळी स्कॅन हवी, जातीचा दाखला आहे पण नॉन-क्रीमीलेअर जुना झालाय, ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो मोबाइल बापाकडे आणि बाप शेतात. फॉर्म त्या दिवशी भरला गेला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक मजुरी बुडाली. परीक्षेच्या दिवशी धुळ्याला जाणं-येणं, आणि मुलीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून सोबत आई. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे एवढाच काय तो दिलासा. संगणकावर उत्तरं द्यायची परीक्षा तिनं आयुष्यात पहिल्यांदा दिली. आणि एवढं सगळं करून तिला मिळालं काय? अशी जागा, जी तिच्यावाचून रिकामीच राहणार होती. कुणाशी स्पर्धा करून तिनं ती जिंकली? कुणाशीच नाही. या राज्यानं एका शेतमजूर बाईचे तीन दिवस आणि तिच्या मुलीचे दोन महिने उधळले, आणि बदल्यात दिलं ते तिच्यासाठी आधीपासूनच मोकळं होतं.

हे मी एका मुलीचं सांगतोय. चोपडा, यावल, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरा आणि तडवी मुलांचं काय? त्यांच्यातल्या किती जणांनी फॉर्मचा पहिला पडदा पाहून बीसीएचा विचारच सोडला असेल? जो परीक्षेपर्यंत पोचलाच नाही त्याची नोंद कुठल्याही निकालात होत नाही. म्हणून तर असल्या धोरणाचे कर्ते सुखानं झोपतात. त्यांच्या तक्त्यात फक्त बसलेली मुलं असतात, परतलेली नसतात.

आता संस्थाचालकांनी काय केलं ते पाहा. वर्ग रिकामे दिसायला लागताच राज्यभरातल्या कित्येक महाविद्यालयांनी पदवीचं नावच बदललं. बीएमएस बंद, त्याच्या जागी बीकॉम आणि पुढे कंसात व्यवस्थापन. बीसीए बंद, त्याच्या जागी बीएस्सी आणि पुढे कंसात संगणक. तोच अभ्यास, तेच प्राध्यापक, तीच खोली, तोच पंखा. नाव बदललं की परिषद नाही, परिषद नाही की सीईटी नाही. सरकारनं डोळे वटारले, इशारे दिले. पण जरा विचार करा, या पळवाटेनं काय सिद्ध झालं? हेच, की सीईटीविना घेतलेली मुलं आणि सीईटी देऊन आलेली मुलं एकाच फळ्यासमोर बसून एकच विषय शिकू शकतात आणि आभाळ कोसळत नाही. संस्थाचालक लबाड आहेत हे मान्यच. स्वतःच्या जागा भरण्यापलीकडे त्यांना मुलांचं सोयरसुतक नव्हतं. पण ज्या नियमाला चुकवण्यासाठी नुसती पाटी रंगवून पुरते, तो नियम मुळातच पोकळ होता, हे या लबाडांनी दाखवून दिलं.

धोरणकर्त्यांना हे विचारलं की ते छाती काढून एकच शब्द फेकतात, गुणवत्ता. गुणवत्ताधिष्ठित, पारदर्शक, सामाईक प्रवेशप्रक्रिया! ऐकायला भारदस्त आहे. तर मग चला, या गुणवत्तेची उंची मोजू. राज्यातली सगळ्यात मोठी सामाईक परीक्षा म्हणजे एमएचटी-सीईटी. अभियांत्रिकीसाठी तिचा पेपर 200 गुणांचा असतो: गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायनशास्त्राचे 50-50 प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. आणि पात्रतेची अट? बारावीत ठरलेल्या विषयांत 45 टक्के, मागास प्रवर्गांना 40. आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण. हो, शून्यापेक्षा जास्त. तुम्ही चुकीचं वाचलेलं नाही.

डोळे मिटून सगळीकडे एकच पर्याय टिचकवत गेलात तरी सरासरीनं एक चतुर्थांश उत्तरं बरोबर येतात, म्हणजे 200 पैकी 50 च्या आसपास गुण. शून्य मिळवायचे असतील तर मात्र खरोखर अभ्यास करावा लागेल, कारण बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय ते दीडशे वेळा टाळता येत नाही. अशा परीक्षेला पात्रता परीक्षा म्हणायचं? मोठ्या महाविद्यालयांत कोण जाणार हे ती ठरवते, ते मला मान्य. तिथे एका जागेवर शेकडो दावे असतात, तिथे क्रम लावावाच लागतो. पण जिथे फेऱ्यांमागून फेऱ्या होऊनही जागा उरतात, तिथे या परीक्षेनं काय केलं? खुल्या प्रवर्गाकडून 1000 आणि राखीव प्रवर्गाकडून 800 रुपये घेतले, आणि शून्याच्या वर आहात असं प्रमाणपत्र दिलं. ज्याला गुणवत्ता म्हणून मिरवता, तिची उंची एवढीच?

अजून एक दार दाखवतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जा. तिथे सीईटी नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश. तीन वर्षांची पदविका घ्या आणि थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला या. तिथेही सीईटी नाही, पदविकेच्या गुणांवर प्रवेश. पुढची तीन वर्षं सीईटीवाल्यांच्याच शेजारी बसा, तीच परीक्षा द्या, तीच पदवी घ्या. माझा या वाटेला अजिबात विरोध नाही. खानदेशातल्या कित्येक मराठी माध्यमाच्या मुलांना इंजिनियर याच वाटेनं केलंय, आणि ती मुलं हातानं काम करण्यात सीईटीवाल्यांना भारी पडतात. माझा सवाल सरकारला आहे. पदविकेचे गुण चालतात, दहावीचे गुण चालतात, अकरावीला चालतात, बीए-बीकॉम-बीएस्सीला बारावीचे गुण चालतात. एकाच आवारात डाव्या हाताच्या इमारतीत बीकॉमसाठी बारावीचे गुण विश्वासार्ह, आणि उजव्या हाताच्या इमारतीत बीबीएसाठी तेच गुण अविश्वासार्ह? गुणपत्रिका तीच, मंडळ तेच, सही तीच. मग मधल्या अंगणात असं काय होतं, की तिची किंमत उतरते?

यावर त्यांचं ठेवणीतलं उत्तर तयार असतं: बारावीला कॉपी होते. होते, मीही शिक्षक आहे, परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढलेले मामा, काका आणि मोठे भाऊ मीही पाहिलेत. पण ही परीक्षा घेतं कोण? राज्य मंडळ. आपले तीन आणि नाशिक अशा चार जिल्ह्यांसाठी तर नाशिकला स्वतंत्र विभागीय मंडळ आहे. मंडळ कुणाचं? सरकारचं. कॉपीमुक्त अभियान राबवतं कोण? सरकार. म्हणजे सरकार सांगतंय, की आमची परीक्षा आम्हाला नीट घेता येत नाही, म्हणून आम्ही आणखी एक परीक्षा घेतो, तिच्यावर विश्वास ठेवा! भिंतीवरच्या मामांना उतरवणं जमत नाही म्हणून प्रामाणिकपणे पेपर लिहिणाऱ्या पोरीला दुसऱ्यांदा परीक्षेला बसवायचं, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे.

बरं, जिच्यावर विश्वास ठेवा म्हणता, ती दुसरी परीक्षा तरी कशी आहे? 27 एप्रिल 2025 च्या सकाळच्या सत्रात एमएचटी-सीईटीच्या गणितात 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले. एकवीस! मुलं तीन तासांच्या पेपरात बरोबर उत्तर शोधत बसली, जे पडद्यावर नव्हतंच. 27,837 विद्यार्थ्यांची परीक्षा 5 मे ला पुन्हा घ्यावी लागली. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचं ऊन काय असतं ते मुंबईच्या गारेगार दालनात बसून कळत नाही. त्या उन्हात मुलांना दुसऱ्यांदा केंद्रावर बोलावलं, ते स्वतःच्या निष्काळजीपणासाठी. आमच्याकडे दहावीच्या घटक चाचणीत मास्तरांनी पन्नासातले एकवीस प्रश्न चुकवले असते तर पालकांनी शाळेत येऊन हिशेब मागितला असता.

आणि भाषा? एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत किंवा उर्दूत सोडवता येतं. गणित मात्र इंग्रजीतच. गणिताला सर्वात जास्त गुण, आणि तेच इंग्रजीत. साक्री-पिंपळनेरच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत गणित मराठीत शिकलेल्या मुलाचं काय मोजलं जातं इथे? त्याचं गणित, की त्याचं इंग्रजी? परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, मग सगळ्यांचे गुण पर्सेंटाइलमध्ये बदलतात. शेजारी राहणाऱ्या दोन मुलांना सारखे गुण आणि वेगळं पर्सेंटाइल मिळू शकतं. त्यामागचं संख्याशास्त्र मला समजतं आणि त्याला माझी हरकतही नाही. हरकत याची, की ते पालकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायची जबाबदारी कुणीच घेतली नाही. ती क्लासवाल्यांनी घेतली, पैसे घेऊन.

क्लासवाले! खरी सुगी त्यांची. बारावीचे गुण 45 टक्क्यांच्या पुढे निरुपयोगी ठरले, त्या दिवशी सरकारनं स्वतःच्या हातानं कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग रिकामा केला. नाव गावातल्या नाहीतर तालुक्यातल्या महाविद्यालयात, मुलगा लातूरला, नाशिकला किंवा थेट कोट्याला. हजेरीपटावर साठ, वर्गात सात. प्रयोगवहीवर सह्या होतात, परीक्षानळीवर धूळ बसते. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र सगळ्यांना भरघोस, कारण कुणी कमी दिले तर मुलं दुसऱ्या महाविद्यालयात नाव घालतात. 2018 मध्ये सरकारनं यावर उपाय म्हणून विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठ्याचं यंत्र बसवून अभ्यासाची गोडी लागते असं मानणाऱ्या माणसानं कधी वर्गात शिकवलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? मूल वर्गात येत नाही, कारण तुमच्याच नियमानं वर्गाला किंमत ठेवलेली नाही. आणि ज्याच्या बापाला क्लासची फी झेपत नाही, तो रिकाम्या वर्गात एकटा बसतो, शिक्षक येतील या आशेवर. सामाईक परीक्षेनं सर्वांना समान संधी मिळते, हे वाक्य त्याच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवा.

या सरकारी गोंधळाचा कळस 2021 मध्ये झाला. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला 99.95 टक्के. मग सरकारनं अकरावीसाठी सीईटी काढली: 100 गुणांची, 21 ऑगस्टला. आणि जाहीर केलं की ही परीक्षा ऐच्छिक आहे. द्यायची तर द्या, नाहीतर नका देऊ. पण पुढची ओळ वाचा: जे देतील त्यांचे प्रवेश आधी, उरलेल्या जागा न देणाऱ्यांना. ज्या परीक्षेला न बसल्यास तुम्ही रांगेच्या शेवटी जाता, ती कुठल्या अर्थानं ऐच्छिक? शिवाय पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, म्हणजे इतर मंडळांच्या मुलांनी न शिकलेल्या पुस्तकांवर परीक्षा द्यायची. अशाच एका मंडळाच्या विद्यार्थिनीनं मुंबई उच्च न्यायालय गाठलं, आणि 10 ऑगस्ट 2021 ला न्यायालयानं ती परीक्षाच रद्द केली. परीक्षा अकरा दिवसांवर आलेली, लाखो मुलं तोवर पुस्तकं घेऊन बसलेली. कुणाची नोकरी गेली? कुणी माफी मागितली?

ऐच्छिक परीक्षेचा हा खेळ अमेरिकेतही खेळून झालाय, आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. तिकडे करोनाकाळात बहुतेक विद्यापीठांनी सॅट किंवा एसीटीचे गुण पाठवणं मुलांच्या मर्जीवर सोडलं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठानं तर 2021 पासून ते गुण बघणंच बंद केलं. उलट एमआयटीनं 2022 मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. डार्टमथनं 2024 मध्ये तेच केलं, आणि त्यामागे त्यांच्याच अभ्यासकांचं एक निरीक्षण होतं: गरीब घरातली काही मुलं असे गुण लपवत होती, जे पाठवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता. गुण कमी वाटले म्हणून त्यांनी पाठवले नाहीत. जाणत्या घरातल्या मुलांना मात्र कधी पाठवायचे आणि कधी नाही हे पक्कं ठाऊक. मर्जीवर सोडलेला नियम माहितगारांच्या सोयीचा असतो. शिंदखेड्याच्या त्या दुकानात उभ्या असलेल्या आईला ही गोष्ट सांगायला अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांची गरज नाही.

म्हणजे मी परीक्षेच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1989 चं, जळगावचं 2018 चं. तिथल्या एकेका जागेसाठी केवढी झुंबड असते! तिथे परीक्षा हवीच, सर्वांना एकच हवी, सक्तीची हवी, आणि तिचा पेपर फुटला तर फोडणारा तुरुंगात हवा. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक 1859 ला झाली, रानडे आणि भांडारकर त्यातून पुढे आले. मॅट्रिक ही मुळात विद्यापीठाचीच प्रवेशपरीक्षा होती. म्हणजे परीक्षेचं मला वावडं नाही. माझं वावडं आहे ते कामाशिवायच्या परीक्षेचं. आणि कामाशिवायची परीक्षा स्वतःच स्वतःला कशी उघडी पाडते ते बघायचं असेल तर सप्टेंबर 2023 आठवा. वैद्यकीय पदव्युत्तर जागा रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा केंद्र सरकारनं नीट-पीजीची पात्रता सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. परीक्षेला बसलेला शेवटचा माणूसही पात्र! इतकी वर्षं राष्ट्रीय गुणवत्तेचे जे ढोल बडवले, ते जागा उरताच एका परिपत्रकानं बंद झाले. दिल्लीला जे विशेषज्ञ डॉक्टर घडवताना चाललं, ते मुंबईला बीसीएच्या वर्गात चालत नाही?

तत्त्व इतकं साधं आहे, की त्यासाठी समिती नेमायची लाज वाटावी. जागा कमी आणि मुलं जास्त, तिथे परीक्षा. जागा जास्त आणि मुलं कमी, तिथे दार उघडं. ज्याला बारावीचं शिक्षण आहे त्याला आत घ्या, आणि मग त्याला नीट शिकवा. गुणवत्ता दारात मोजून येत नाही, वर्गात शिकवून येते. आणि ऐच्छिक या नावाची फसवणूक कुठेच नको.

म्हणून मागण्या स्पष्ट लिहितो. बीबीए, बीसीए, बीएमएसची सीईटी रद्द करा आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर करा. परिषदेला तपासणी करायची हौस असेल तर महाविद्यालयात शिक्षक किती, संगणक किती, त्यातले चालू किती ते मोजा आणि दारावर लावा. अभियांत्रिकीत ज्या जागा फेऱ्यांनंतर उरतात, त्या शून्याच्या वरचा तो एक गुण न मागता बारावीवर भरा. एमएचटी-सीईटीचं गणित मराठीत द्या. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ठोस वाटा द्या. राज्यानं 2014 आणि 2015 ला अभियांत्रिकीसाठी निम्मे गुण जेईईचे आणि निम्मे बारावीचे धरले होते; मग 2016 ला ते मोडून टाकलं. वर्ग पुन्हा भरवायचे असतील तर तो हिशेब पुन्हा काढा. आमच्या विद्यापीठाच्या अधिसभेनं हे सगळं ठराव करून सरकारला पाठवावं, आणि खानदेशातल्या आमदारांनी अधिवेशनात विचारावं. मतं मागायला ते पाड्यापर्यंत येतात, हा प्रश्न घेऊन विधानभवनापर्यंत जायला त्यांना काय हरकत आहे?

आणि यातलं काहीच जमत नसेल, आपल्याच मंडळानं सही-शिक्क्यानिशी दिलेल्या गुणपत्रिकेवर आपलाच विश्वास नसेल, तर सरकारनं ते उघड कबूल करावं, बारावीची परीक्षा बंद करावी, आणि दर वर्षी त्या परीक्षेसाठी पोरांकडून घेतलेलं शुल्क त्यांच्या आईबापांना परत करावं.